चित्रातला गूळ

मालट्रकांनी अंगभर जाहिराती चिकटवून घ्यायला नुकती सुरुवात केली होती, तेव्हाची गोष्ट. बाजारात एक ट्रक आला. दोन्ही बाजूंना पिवळ्याधमक ढेपांची चित्रं, वर ‘अस्सल गावरान गूळ’. पावसाळ्याची बेगमी व्हायची होती, म्हणून मुंग्यांची रांग हरखून निघाली. पुढची म्हातारी मुंगी मात्र चाकापाशीच थबकली.

“चढ की आजी! वाचता येत नाही का?” ट्रक गुरगुरला.

“नाही बाबा. किती फिरलास?”

“सतरा बाजार!”

“सतरा बाजार गूळ घेऊन हिंडलास, आणि अंगावर एकही मुंगी नाही?”

रांग मागे वळली. ती पाहून शेजारीच उभ्या गुंडाप्पा व्यापाऱ्याने ट्रकवाल्याशी गुळाचा भाव ठरवायला रुमालाखाली घातलेला हात हळूच काढून घेतला.