गळ्यातला धोंडा

पाट्याची जागा मिक्सरने घेतली, तेव्हाची गोष्ट. भोईटे बाईंनी घरातला जुना वरवंटा शाळेत आणला, टेबलावरच्या लाकडी चौकटीला दोरीने टांगला आणि त्याच्या खालच्या टोकाला पेन बांधलं. पेनाखाली कागदाची पट्टी ठेवली. भूकंप कसा नोंदतात, ते मुलांना दाखवायचं होतं.

वरवंटा खंतावला. "जन्मभर चटण्या वाटल्या. आता नुसतं लोंबकळायचं?"

पेन फणकारलं, "लिहायचं मी, मग माझ्या गळ्यात हा धोंडा कशाला?"

वर्गातल्या रेहानालाही तसंच वाटलं. "बाई, त्यापेक्षा माझी रिकामी बाटली टांगू?"

"टांगून बघ," बाई म्हणाल्या.

पेन खुशीत आलं. मुलांनी टेबल गदागदा हलवलं आणि पट्टी हळूहळू ओढली. हलकी बाटली कागदाबरोबरच हलत राहिली आणि तिच्याबरोबर पेनही. रेघ उमटली ती जवळजवळ सरळ.

"भूकंप झालाच नाही!" मुलं हसली. पेन ओशाळलं.

बाईंनी पुन्हा वरवंटा टांगला. पुन्हा टेबल हललं, चौकट थरथरली, कागद डगमगला. वरवंटा मात्र होता तिथेच राहिला. कागदावर डोंगरदऱ्या उमटल्या.

"सगळंच हललं तर किती हललं, हे सांगणार कोण?" बाई म्हणाल्या. रेहानाने वरवंट्यावरून मायेने हात फिरवला. त्याला अजून लसणाचा वास होता.

वर्ग रिकामा झाल्यावर पेन हळूच म्हणालं, "दादा, रेघ तुमच्यामुळे उमटली. मला सोडू नका हं."

 वरवंटा जागचा हलला नाही.