थडग्यावरची ओळ

एकदा एका ख्रिस्ती देवळाचे वृद्ध पाळक भर दुपारी छिन्नी-हातोडी घेऊन दफनभूमीत गेले आणि एका चिमुकल्या थडग्यावरची अक्षरे खोडू लागले. महिन्यापूर्वी सलोमी नावाची पाच वर्षांची पोर त्याच देवळाच्या विहिरीत बुडून मरण पावली होती. तिच्या नावाखाली कोरले होते, 'देवाच्या इच्छेने निजली'. ही ओळ पाळकांच्या शिष्याने सुचवली होती आणि साऱ्या मंडळीने माना डोलावल्या होत्या. अशा वेळी आपण सगळेच हे म्हणतो. म्हणायला सोपे जाते.

शिष्य धावत आला. "पाळकसाहेब, हे काय करता? देवाच्या इच्छेवाचून झाडाचे पानही हलत नाही, हे तुम्हीच शिकवलेत ना?"

"शिकवले खरे, आणि तिथेच चुकलो. त्या दिवशी पाणी काढून विहिरीचे झाकण उघडे कोणी टाकले?"

शिष्याचा चेहरा उतरला. "मी," तो कसाबसा म्हणाला. महिनाभर हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते. मग तो कळवळून म्हणाला, "पण देव तर सर्वसमर्थ! त्याने का नाही अडवले?"

पाळकांनी छिन्नी खाली ठेवली. "मुला, याचे पुरे उत्तर माझ्याकडे नाही. एवढेच कळते, की त्याने आपल्याला हात दिले आणि ते धरून ठेवले नाहीत. क्रुसावर खिळे ठोकणाऱ्यांचेही धरले नाहीत. हात धरलेल्या माणसाला पाप करता येत नाही, तशी मायाही करता येत नाही. त्याचे सामर्थ्य आपल्याला सोडून न जाण्यात आहे. सलोमीची आई देवळात येईनाशी झाली. ज्याने लेक नेली, त्याच्याच मांडीवर डोके ठेवून ती कशी रडेल? तिची रडायची जागा आपण बंद केली."

शिष्य ढसाढसा रडला. "तिला सांगायला मला पाठवता का?"

"पाठवणार नाही. जायचे की नाही, ते तुझे तू ठरव. गेलास तर मी सोबत येईन."

संध्याकाळी दोघे तिच्या दारी गेले. पाळक ओसरीवर थांबले. शिष्याने आत जाऊन, काही न लपवता, सगळे सांगितले.

त्या माउलीने शेवटपर्यंत ऐकून घेतले. क्षमेचा शब्द तिने काढला नाही. मग तिचा बांध फुटला आणि हुंदक्यांतून तिने विचारले, "म्हणजे... देवानं नाही नेली माझी सलू?"