पास्कू तांडेलाचा उजवा पाय

फार फार वर्षं झाली त्याला. वसईच्या किनाऱ्यावर आपल्या कोळीवाड्यात पास्कू तांडेल राहायचा. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख; समुद्रात त्याचाच शब्द शेवटचा. वाऱ्याच्या वासावरून मासळी कुठे ते सांगणारा असा तांडेल पुन्हा झाला नाही, असं म्हणतात. पण माणूस तिखट. खलाशांना तो कधी नावाने हाक मारत नसे, आणि पहाटे त्यांना उठवायचा तो उजव्या पायाने. पिंपातलं गोडं पाणी आधी तांडेलाने प्यायचं, हा तेव्हाचा रिवाज. तो मात्र त्याने एकदाही मोडला नाही.

एका पवित्र गुरुवारी पाद्रीबाबांनी देवळात, प्रभू येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले होते त्याची आठवण म्हणून, बारा जणांचे पाय धुतले. त्यात पास्कूही ऐटीत बसला होता. बाबांनी त्याचा उजवा पाय धुतला, पुसला, वाकून त्यावर ओठ टेकले. त्या घटकेपासून तो पाय जळायला लागला. तेल चोळलं, ओल्या वाळूत पुरला, काही फरक नाही. त्याला ना धड बसवे, ना उभं राहवे. शेवटी वैतागून त्याने होडी काढली.

"तांडेल, दुसरं पिंपबी भरून घेऊ," म्हातारा खलाशी सांतान म्हणाला.

"तांडेल कोन, तू का मी?"

एकच पिंप घेऊन होडी निघाली.

चौथ्या दिवशी वारा पडला. शीड लोंबकळलं, वल्ही मारून हात सोलले, किनारा काही दिसेना. पास्कू होडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत राहिला. पाय टेकला की आग. सहाव्या दिवशी भर दुपारी पिंपात चार बोटं पाणी उरलं आणि सांतान तापाने आडवा झाला. त्याला उठवायला पास्कूने सवयीने पाय उचलला, आणि तो तसाच अधांतरी राहिला. याच पायाला बाबांनी ओठ लावले होते. आपण तो कुणाला लावतोय? पास्कूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो गुडघ्यांवर बसला. समुद्राच्या पाण्याने त्याने सांतानचे तापलेले पाय धुतले आणि आपल्या वाट्याचं गोडं पाणी त्याच्या तोंडाला लावलं.

"सांतान, तुजं खरं व्हतं. माजं चुकलं."

"आधी तुमी प्या, तांडेल."

"मी शेवटी."

मग एकेकाला नावाने हाक मारून त्याने पाणी दिलं. दोन दिवस सगळे खलाशी प्याले, तरी पिंपातलं पाणी चार बोटांच्या खाली गेलं नाही, असं म्हणतात. तिसऱ्या सकाळी वारा सुटला. सांतानला पाठीवर घेऊन पास्कू किनाऱ्यावर उतरला आणि मगच विहिरीवर जाऊन पाणी प्याला. पायाची आग कधी थांबली, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

अजूनही पावसाळा सरल्यावर ज्या दिवशी पाद्रीबाबा होड्यांना आशीर्वाद देतात, त्या दिवशी तांडेल आपल्या खलाशांचे पाय धुतो आणि पाणी सगळ्यांच्या शेवटी पितो. एखादा नवा तांडेल खलाशावर खेकसलाच, तर मासळी निवडणाऱ्या म्हाताऱ्या मानही वर न करता विचारतात, "काय रं, पाय बरा हाय ना?"

मग तो खलाशाला नावाने हाक मारतो.