बऱ्या दिवसाचा पहारा

एकदा एका गवंड्याच्या पाठीत डॉक्टरांनी चार स्क्रू आणि दोन सळ्या बसवल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांत सळ्या घालणाऱ्या माणसाच्या वाट्याला नेमकं हेच यावं, याला कोणी दैवाची थट्टा म्हणतील. मला ती थट्टा मुळीच आवडलेली नाही, पण घडलं ते घडलं.

गवंड्याचं नाव अंकुश, वय पंचेचाळीस. वीस-बावीस वर्षं सिमेंटची पोती वाहिल्यावर त्याच्या कमरेतला एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकला. आधी पायांत मुंग्या आल्या, मग डावं पाऊल बधिर झालं. जिल्ह्याच्या ठिकाणी शस्त्रक्रिया झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी त्याला आणि त्याच्या बायकोला, कांताला, समजावून सांगितलं, "स्क्रू आणि सळ्या फक्त धरून ठेवतात. मध्ये हाडाचा चुरा भरलाय, त्याचं हाड होऊन दोन्ही मणके एकजीव झाले पाहिजेत. त्याला सहा महिने लागतील, कदाचित वर्ष. तोवर वाकायचं नाही, कमरेत वळायचं नाही, वजन उचलायचं नाही. घरातल्या घरात पट्टा बांधून चाला. सांधा धरला नाही तर स्क्रू ढिले होतात, मग पुन्हा उघडावं लागेल. आणि त्यानंतर पायांचं काय होईल, याची खात्री मी देणार नाही."

ऐकायला हे सोपं आहे. करून पाहावं म्हणजे कळतं. कूस बदलायची तर खांदा आणि कंबर एकदम वळली पाहिजे, लाकडाचा ओंडका लोळवावा तशी, आणि तो लोळवायला कांता. शौचाला भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची, ती धुवायला कांता. पायात पायजमा चढवायला कांता, आणि घास हातून जमिनीवर पडला तर तो उचलायलाही कांताच. तिने एकदाही नाक मुरडलं नाही. अंकुशला त्याचाच जास्त राग येई. चौथ्या आठवड्यात त्याने पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकला आणि म्हणाला, "त्या टेबलावरच गेलो असतो तर तू तरी सुटली असतीस." कांताने तांब्या उचलला, फरशी पुसली आणि मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला.

भेटायला येणाऱ्यांचं काय सांगावं. येणारा प्रत्येक जण एक शहाळं आणि एक गोष्ट घेऊन येई. कोणाचा मेहुणा याच दुखण्यातून उठून महिनाभरात ट्रॅक्टर चालवू लागला होता, कोणाची मावशी पंधराव्या दिवशी गड चढली होती. आपल्या लोकांना आजाऱ्याच्या उशाशी बसून दुसऱ्याच्या बरं होण्याचं कौतुक करण्याची फार हौस. ते उठून गेले की अंकुश आढ्याकडे बघत आपण त्या मावशीपेक्षा किती मागे पडलो त्याचा हिशेब करी.

या सगळ्यांत एक वृद्ध मिस्त्री वेगळे होते. गाव त्यांना अण्णा म्हणे. अंकुशला काम शिकवलं ते त्यांनीच. हातात थापी देण्याआधी दोन वर्षं त्याला नुसता ओळंबा धरायला लावणारा असा हा कडक गुरू, आता पंचाहत्तरीचा. ते दर दुपारी येत आणि खुर्ची ओढून बसत. पण त्यांची रीत चमत्कारिक होती. अंकुश दुखण्याने तळमळत असला, की ते शांतपणे चहा मागत, बशीत ओतून पीत आणि पावसापाण्याच्या दोन गोष्टी बोलून उठत. ज्या दिवशी तो उशीत तोंड खुपसून रडला, त्या दिवशी तर ते पाच मिनिटांत निघून गेले. कांताला ते फार लागलं. बापासारखा माणूस, त्याने निदान पाठीवरून हात फिरवावा, असं तिला वाटलं.

सातव्या आठवड्यात एका सकाळी अंकुश जागा झाला आणि त्याला काहीच दुखत नव्हतं.

आधी त्याचा विश्वासच बसेना. त्याने श्वास घेऊन पाहिला, खोकून पाहिलं. मग कुशीवर होऊन, हातांवर भार देऊन तो एकट्याने उठून बसला. पट्टा बांधला आणि दारापर्यंत चालत गेला. कांता चुलीपाशी होती. तिने वळून पाहिलं आणि हातातलं पीठ तसंच कपाळाला लावून ती रडायला लागली. त्या घरात दीड महिन्यात कोणी हसलेलं नव्हतं. त्या सकाळी दोघंही हसली.

आणि नेमका त्याच दिवशी, हाकेच्या अंतरावर, एका सभागृहाचा स्लॅब टाकायचा होता. पाया अंकुशने भरलेला, भिंती त्याच्याच दोरीत उभ्या राहिलेल्या. मिक्सर सुरू झाल्याचा घरघराट घरात ऐकू आला. दीड महिना ज्याला आपण मेलो असतो तर बरं असं वाटत होतं, त्याला त्या आवाजाने आपण पुन्हा कोणीतरी आहोत असं वाटलं. त्याने कांताकडून कामाचा सदरा मागून घेतला. मुकादमाला फोन केला, "गाडी घेऊन ये. नुसता उभा राहतो. हात लावत नाही कशाला." कांता घुटमळली, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिला नाही म्हणवेना.

तेवढ्यात अण्णा आले. दुपारी येणारा माणूस सकाळीच आला होता, मिक्सरचा आवाज त्यांनीही ऐकला होता.

"कसं हाय?" त्यांनी विचारलं.

"काहीच न्हाई दुखत अण्णा. पयल्यांदाच."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. त्यांनी सदऱ्याकडे पाहिलं, दारातल्या चपलांकडे पाहिलं. मग घरातली बसायची एकुलती एक खुर्ची उचलून त्यांनी ती उंबऱ्याला आडवी लावली, तिच्यावर बसले आणि कांताला म्हणाले, "पोरी, माझी भाकरी आज हितंच दे. सांजच्यापातुर मी हलत न्हाई."

मुकादम मोटरसायकल घेऊन आला. अण्णांनी त्याला उंबऱ्यावरूनच हात केला. "आज लई जास्त हाय त्याला. भेटायचं न्हाई कुणी. जा तू."

मुकादमाने आत डोकावून पाहिलं. आजारी माणूस कामाचा सदरा घालून उभा होता. तो गोंधळला, पण अण्णांपुढे बोलायची त्याची टाप नव्हती. गाडी वळवून तो निघून गेला.

आता अंकुशचा तोल सुटला. गुरूपुढे कधी मान वर न केलेला तो माणूस, पण सात आठवड्यांचं साचलेलं सगळं त्या क्षणी बाहेर पडलं. "मी गुरासारखा हंबरत होतो तवा तुमी च्या पिऊन घरी गेलात. आज देवानं एक दिस बरा दिला, तर दारात येऊन बसलात! तुमास्नी माझं बरं झालेलं बघवत न्हाई, अण्णा. हात थकले तुमचे, आता माझेबी थकावंत असं वाटतंय तुमाला."

कांताने पदर तोंडाला लावला. अण्णा रागावले नाहीत.

"टेकू कितव्या दिशी काढायचे स्लॅबचे?" त्यांनी विचारलं.

अंकुश सवयीनेच म्हणाला, "एकवीस. खांबाखांबातला गाळा मोठा असंल तर अठ्ठावीस."

"पयल्या दिशी कुणी काढतं का?"

"पयल्या दिशी कोण काढंल? ओला गिच्च असतोय."

"मग कवा काढू वाटतात?"

अंकुशला ते ठाऊक होतं. आठवड्याभरात स्लॅब वरून दगडासारखा होतो, हातोडीने वाजवला तर खणखणतो, चार माणसं वर उभी राहिली तरी हूं की चूं करत नाही.

"माझा धाकटा भाऊ स्लॅबखाली गेला, ठावं हाय न्हवं तुला?" अण्णा म्हणाले.

"व्हय. सिमीट खराब निघालं व्हतं."

"सिमीट चांगलं व्हतं." अण्णा दाराबाहेर बघत बोलत होते. "मालकाच्या वास्तुशांतीचा मुहूर्त नवव्या दिशी. भटजीनं काढून दिलेला. खाली टेकूंचं रान, होम मांडायला जागा न्हाई. मालक म्हनला, मिस्त्री, झालाय न्हवं घट्ट? मी वर गेलो. वाजवून बगितला. उड्या मारून बगितल्या. इतका गुणाचा स्लॅब मी जन्मात टाकला नव्हता. मी खाली बघून वराडलो, काढ रं. शेवटचा टेकू भावानं काढला."

कांता जागच्या जागी खाली बसली.

"लोक म्हनले, सिमीट खराब. मी म्हणू दिलं. सिमीट देणारा दुकानदार गाव सोडून गेला, तरी मी म्हणू दिलं. चाळीस वर्सं झाली." त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "अंकुशा, ओला स्लॅब कुणाला मारीत न्हाई. त्याच्याजवळ जायाची कुणाची छातीच व्हत न्हाई. वाळल्यावानी दिसतो, तवा तो मारतो. तू रडत पडलेला असतोस तवा तुला राखाया तुझं दुखणंच बसलेलं असतंय. ते तुला उठू देत न्हाई, वाकू देत न्हाई. त्या दिशी हितं माझं काय काम? म्हणून मी च्या पिऊन जातो. आज ते उठून गेलंय. आज तुला राखाया कुणी न्हाई, म्हणून मी आलो."

"मी नुसता उभा राहणार व्हतो," अंकुश म्हणाला, पण त्याचा आवाज पडला होता.

"माल एका कोपऱ्यात कमी पडंल. पोरं फळी नीट ओढणार न्हाईत. आणि तू थापी घेऊन वाकशील. तुला शिकवलंय मी, मला ठावं न्हाई?"

अंकुशने सदऱ्याची बटणं काढली आणि कांताचा हात धरून तो पलंगावर आडवा झाला.

एवढं कळल्यावर त्याला समाधान लाभलं, असं सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही. तो दिवस त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट दिवसांपैकी एक होता. अंग ठणठणीत, आणि पडून राहायचं. मिक्सर संध्याकाळपर्यंत घरघरत होता. कुठे माल घट्ट झाला, कुठे काम थांबलं, हे त्याला नुसत्या आवाजावरून कळत होतं. तिकडे मजुरांना जिलेबी वाटल्याचा गलका झाला तेव्हा त्याने डोळ्यांवर हात घेतला. म्हातारा मात्र दारातून हलला नाही. अंधार पडताना ते उठले, गुडघे धरून उभे राहिले आणि घरी गेले.

चार दिवसांत दुखणं परत आलं, पूर्वीपेक्षा थोडं कमी. अण्णा पुन्हा दुपारी येऊ लागले, चहा पिऊन जाऊ लागले. आता कांता त्यांच्या बशीत चहा ओतताना त्यांच्याकडे नीट बघे. चाळीस वर्षं हा माणूस काय घेऊन जगला, हे त्या घरात दोघांना ठाऊक झालं होतं आणि त्यांनी ते बाहेर कधी काढलं नाही.

तिसऱ्या महिन्यात एक्स-रे झाला. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून एक धूसर रेघ दाखवली. "धरायला लागलंय," ते म्हणाले, "अजून कच्चं आहे. इथेच लोक चुकतात." डाव्या पावलाची बधिरता गेली नव्हती, आणि ती बहुधा जाणार नव्हती. पोतं आता जन्मात उचलायचं नाही, हेही त्याच दिवशी कळलं.

त्यानंतर पावसाळ्याच्या तोंडावर अण्णांना ताप भरला. आठ दिवस ते अंथरुणावर होते. त्यातल्याच एका सकाळी अंकुशला जाग आली ती पुन्हा तशीच, कुठेही कळ नसलेली. कांता दळण घेऊन गेली होती. घरात कोणी नव्हतं, दार सताड उघडं होतं. तो उठला, पट्टा बांधला, दोन खोल्यांत दहा येरझाऱ्या घातल्या आणि कपाळावर साधा घामही आला नाही. आपण बरे झालो, असं त्याचं शरीर त्याला शपथेवर सांगत होतं.

तेव्हाच मुकादमाची मोटरसायकल दारात थांबली. नव्या कामाची आखणी होती, कोपरा काटकोनात बसत नव्हता. "मिस्त्री, पाच मिनटं. दोरी तेवढी बघा. कसं वाटतंय आज?"

अंकुशने दाराच्या चौकटीला हात टेकला. बाहेर ऊन स्वच्छ होतं, गाडी चालू होती, आणि त्याला फार जावंसं वाटत होतं.

"आज लई बरं वाटतंय," तो म्हणाला.

"मग चला की."

"बरं वाटतंय, म्हणूनच येत न्हाई," अंकुश म्हणाला, आणि पलंगाकडे वळला.