चोचीएवढी फट

धनेश पक्ष्याच्या डोक्यावर अजून मुकुट आला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. घोरपड दर वर्षी झाडाच्या ढोलीत शिरून धनेशांची अंडी खायची. शेवटी एक धनेशीण ढोलीत बसली आणि चिखलात उंबराचा गर मळून तिनं ढोलीचं तोंड आतूनच लिंपून टाकलं. चोचीएवढी फट तेवढी ठेवली.

"जिवंतपणी गाडून घेतलंस की गं!" शेजारणी हसल्या आणि उडून गेल्या. नवरा फटीतून फळ देऊन जाई, तेवढीच सोबत. बाकी दिवसभर ती आणि अंधार.

घोरपड आली, भिंतीवर नखं घासून परत गेली. बातमी रानभर पसरली. पक्ष्यांनी पिवळाधमक मुकुट घडवला, वाजतगाजत झाडापाशी आणला. पण तो फटीतून आत जाईना.

"तोवर तूच घाल," मोर नवऱ्याला म्हणाला.

"अहो, पण भिंत तिनं बांधलीय."

"काय हा विनय!" म्हणत सगळ्यांनी मुकुट त्याच्या डोक्यावर दाबून बसवला.

पिल्लं वाढली, तशी धनेशीण भिंत फोडून बाहेर आली. मुकुट नवऱ्याच्या डोक्यात रुतला होता, ओढूनही निघेना.

"मी बाहेर येईपर्यंत थांबायचं होतंत," ती मोराला म्हणाली.

"समारंभाचा दिवस ठरला होता ना!"

पुढच्या वर्षी त्याच शेजारणी तशीच भिंत लिंपू लागल्या. तिला त्या 'धनेशरावांची भिंत' म्हणत.

तीही पुन्हा एकटीच ढोलीत शिरली. लिंपता लिंपता बाहेर पक्ष्यांच्या नव्या सत्कारसभेचा गलका ऐकू आला आणि तिची चोच क्षणभर थांबली.

मग फट तिनं चोचीएवढीच ठेवली.