अकरा कड्यांची साखळी

चपला तिथं कडेला काढा आणि आत या. डोकं सांभाळा, चौकट बुटकी आहे. आता देवीच्या उजव्या हाताकडे बघा. तलवारीची मूठ आहे, पातं नाही. तिच्या मनगटापासून मुठीला साखळी लावलेली आहे. फोटो काढायचा तर काढा, पण मुठीला हात लावायच्या आधी गोष्ट ऐकून घ्या. ऐकल्यावर बरेच जण हात लावत नाहीत.

ही कातळवेढ्याची पाणजाई. मी इथला गुरव. आमच्या घराण्यात पूजेबरोबर ही गोष्टही बापाकडून मुलाकडे येते. यात खरं किती आणि मागाहून चिकटलेलं किती, हे मला विचारू नका. मला जशी मिळाली तशी सांगतो.

खाली ओढ्याच्या वळणावर दगडांचा ढीग दिसतो ना, तिथं एके काळी हैबतरावांची गढी होती. पदरी पंचवीस स्वार होते. एका लढाईत त्यांचं घोडं पडलं, हत्यार हातचं गेलं आणि पाठीत वार घेऊन ते सरपटत या पायरीपर्यंत आले, असं सांगतात. मागावरची माणसं ओढ्यापलीकडे हुडकत होती. पाण्याला आलेल्या चिमा नावाच्या मुलीनं हैबतरावांना आत ओढलं आणि देवीच्या पाठीमागं दडवलं. घागरीचा आवाज होईल म्हणून ती बाहेरच ठेवली आणि ओंजळीनं पाणी आणून त्यांना पाजलं. सात ओंजळी, म्हणे. मोजल्या कुणी हे देवीलाच ठाऊक, पण आम्ही सातच सांगतो.

चिमा गावच्या सटवा लोहाराची लेक. आईवेगळी, एकुलती एक. सटवाचा हात असा होता, की चार मुक्कामांवरून लोक त्याच्याकडे पाती करून घ्यायला येत. बरे झाल्यावर हैबतरावही त्याच्याच दारात आले.

"सटवा, मला तलवार करून दे," ते म्हणाले. "देवीच्या पायाशी मी शब्द दिला आहे. ज्याच्या हाती हत्यार नाही त्याच्यावर मी तलवार उपसणार नाही. मूठ धरली की मला तुझ्या लेकीची ओंजळ आठवली पाहिजे, अशी तलवार कर."

सटवाची एक रीत होती. चंद्र, सूर्य, देवीची पावलं अशी शोभेची चिन्हं तो पात्यावर काढी. पण गिऱ्हाइकाच्या मनातली जी खरी आण असेल, तिची खूण तो पात्याच्या त्या टोकावर उमटवी जे मुठीच्या आत जातं. वरून लाख ओतली, मूठ बसवली, की ती खूण पुन्हा कुणाला दिसत नाही. खूण उमटवताना गिऱ्हाइकानं ऐरणीवर हात ठेवून आण मोठ्यानं बोलायची. लोखंड तापलेलं असताना जे ऐकतं ते विसरत नाही, असं तो म्हणे आणि त्याचा त्यावर ठाम विश्वास होता. हैबतरावांनी ऐरणीवर हात ठेवला, शब्द उच्चारले, आणि सटवानं त्या टोकावर दोन तळव्यांची ओंजळ कोरली. पात्याला पाणी द्यायला ओढ्याचं पाणी चिमानंच आणलं.

तलवार बघून हैबतरावांचे डोळे भरून आले, असं सांगतात. आणि मला वाटतं ते खरंच भरून आले असतील. तेवढ्यापुरता माणूस खोटा नसतो.

मग त्यांनी स्वारांसाठी आणखी पंचवीस तलवारी सांगितल्या.

"त्यांवर काय काढू?" सटवानं विचारलं.

"त्यांवर कशाला काय? त्या कामाच्या तलवारी," हैबतराव म्हणाले.

सटवानं त्या केल्या. चांगल्या केल्या, वाईट काम त्याच्या हातून होतच नव्हतं. गोष्टीत इथं आलो की माझा आवाज चढतो, त्याचा राग मानू नका. त्या पंचवीसांवर ओंजळ नव्हती, आणि हे लोहाराला ठाऊक असून त्यानं कधी मनावर घेतलं नाही.

पुढं दोन वर्षं पाऊस आला नाही. ओढ्यावर गावानं घातलेला बंधारा होता, त्यात काय ते पाणी उरलेलं. हैबतरावांनी गढीभोवती आमराई लावली होती. त्यांनी निरोप धाडला, की बंधारा फोडून पाणी गढीकडे सोडणार. गाव चिडलं. कुऱ्हाडी, कोयते, खुरपी, ज्याला जे मिळालं ते घेऊन माणसं बंधाऱ्याकडे निघाली. तेव्हा सटवा वाटेत आडवा आला.

"हत्यारं ठिवा समदी," तो म्हणाला. "मी सोत्ता ती आन ठोकलीया. मोकळ्या हातांनी बंधाऱ्यावर बसा. हातात काय न्हाई म्हनल्यावर त्येची तलवार उठायचीच न्हाई."

लोकांना पटलं. गावाला असं वाटणं साहजिकच होतं, कारण त्या भट्टीतल्या खुणेवर गावाचा देवीइतकाच भरवसा होता. सटवानं एकेकाच्या हातातून हत्यार काढून घेतलं आणि आपल्या अंगणात ढीग रचला. चिमाचं खुरपंही त्यात टाकलं. चिमा सगळ्यांच्या पुढं बसली. मला बघितलं की त्यांना ओळख पटेल, असं ती म्हणाली होती, म्हणे.

हैबतराव आले. त्यांनी तिला बघितलं, ओळखलंही. त्यांचा हात मुठीवर गेला, पण तलवार त्यांनी उपसली नाही. घोडं जरा बाजूला घेतलं आणि स्वारांना मान हलवून खूण केली.

अकरा माणसं गेली. चिमा त्यांत पहिली. सटवा मागं उभा होता. वार कसे बसतात ते त्याला दिसत होतं, आणि पाती आपलीच आहेत हेही. पाणी त्याच दिवशी गढीकडे गेलं.

दसऱ्याला हैबतराव वाजतगाजत या देवळात आले. गाव भिंतीला टेकून उभं होतं. त्यांनी म्यानातून तलवार काढली. लख्ख होती, रक्ताचा थेंब तिला लागलेला नव्हता. ती देवीच्या हातात ठेवून ते म्हणाले, "आई, शब्द पाळला. ज्याच्या हाती हत्यार नाही त्याच्यावर ही तलवार उपसली नाही. तुझी तुला वाहिली." त्यांना ते मनापासून वाटत होतं, असं आमचे आजोबा सांगत, आणि सांगताना थुंकत.

सटवा पुढं आला. "सरकार, मूठ ढिली वाटतीया," एवढंच म्हणाला. पलीकडेच त्याची भट्टी होती. तलवार घेऊन तो गेला, सगळ्यांदेखत त्यानं मूठ तापवली, लाख वितळली आणि पातं बाहेर आलं. ओंजळ तशीच होती, एक रेघही पुसली नव्हती. ती तो बराच वेळ बघत राहिला. मग पातं त्यानं भट्टीत घातलं, पार पांढरं होऊन ठिणग्या उडेपर्यंत भाता मारला आणि ऐरणीवर घेऊन त्याचे तुकडे तुकडे केले. नुसती मूठ आणून देवीच्या हातात दिली.

स्वार पुढं सरसावले. हैबतरावांनी त्यांना हातानं थांबवलं. समोरच्या माणसाच्या हातात हत्यार नव्हतं ना, आणि सगळं गाव बघत होतं. देवीपुढं शब्द पाळायला त्या दिवशी त्यांना सोयीचं पडलं. सटवा जिवंत राहिला. मरून सुटला असता, ते झालं नाही.

मग गावकरी एकेक करून त्याच्या अंगणात आले आणि ढिगातून आपापलं हत्यार शोधून घेऊन गेले. त्याला कुणी शिवी दिली नाही, कुणी बोललंही नाही. शेवटी ढिगात अकरा हत्यारं उरली. न्यायला कुणी आलं नाही. ती तशीच बघत सटवा तेरा दिवस बसला होता, म्हणे. चौदाव्या दिवशी त्यानं शेवटची भट्टी पेटवली आणि एकेका हत्याराची एकेक कडी केली. तीच ही साखळी. मोजा, अकरा भरतील. मनगटाजवळची सगळ्यांत लहान कडी चिमाच्या खुरप्याची. त्यानंतर त्यानं हातोडा उचलला नाही, आणि कातळवेढ्यात पुन्हा कुणी तलवार घडवली नाही.

तेव्हापासून इथला नवस निराळा. पाणजाईला नारळ, खण, चांदीचा डोळा काही चालत नाही. काही मागायचं असेल तर मूठ धरायची, अमुक वाईट मी केलेलं नाही आणि करणार नाही असं बोलायचं, आणि लगेच दुसरं वाक्य म्हणायचं: "माझ्या हातानं नाही, आणि माझ्या सांगण्यावरून दुसऱ्याच्याही हातानं नाही." दुसरं वाक्य म्हटल्याशिवाय नवस धरला जात नाही. सटवानंच ते घालून दिलं, असं सांगतात.

पहिलं वाक्य सगळे खणखणीत म्हणतात. दुसऱ्याला घसा बसतो. निवडणुकीच्या आधी एक पुढारी आले होते, पांढरेशुभ्र कपडे, मागं दहा गाड्या. मूठ धरली, पहिलं म्हणाले, दुसरं ऐकून घेतलं आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. फोन वाजलेला मी तरी ऐकला नाही.

हसा, पण मला फार हसता येत नाही. सहा वर्षांपूर्वी आमची शेवंता, माझी बायको, आजारी पडली. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा मी आंघोळ करून इथं आलो, ओल्या धोतरानं. मूठ धरली. म्हणालो, आई, मी कुणाचं काही बळकावलेलं नाही, हिला उठव. पहिलं वाक्य नीट झालं. दुसऱ्याला जीभ टाळ्याला चिकटली.

माझा धाकटा भाऊ वारला, त्याच वर्षी त्याच्या आणि माझ्या रानामधला बांध चार हात पलीकडे सरकला. भावजय एकटी, तिनं कुणाकडे जायचं? मी कुदळीला हात लावला नव्हता. मी फक्त ओट्यावर बसून पोरांना म्हणालो होतो, की बांध जरा वाकडा दिसतोय. तासभर मूठ धरून उभा राहिलो आणि हात सोडून घरी गेलो. शेवंता आठव्या दिवशी गेली. नवस पुरा बोललो असतो तर ती वाचली असती असं मी म्हणत नाही. पण तिच्यासाठी मला तेवढंही बोलता आलं नाही.

आता उठा, या दारात या. ते निंबाचं झाड दिसतं का? त्याच्या पलीकडे तो बांध. पोरं म्हणतात, आता कशाला मागचं उकरून काढता, आणि मीही गप्प बसतो. रोज सकाळी मी देवीला स्नान घालतो, मूठ पुसतो, साखळीच्या अकरा कड्यांना तेल लावतो, आणि आजही तो बांध चार हात पलीकडेच आहे.