चिमटू खेकडा आणि पिशवीखालचा शंख

बसा जवळ, आणि कान द्या इकडे.

समुद्राकाठी एक गाव होतं. गावात एक मत्स्यालय होतं. मत्स्यालयात मोठमोठ्या काचा, काचांमागे पाणी, आणि पाण्यात मासे. लांबडे मासे, गोल मासे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे. सुट्टी लागली की गावोगावची माणसं मासे बघायला यायची.

मत्स्यालयाच्या मधोमध एक बुटका हौद होता. हौदात चिमटू राहायचा. चिमटू म्हणजे इवलासा खेकडा. केवढासा? दाखवा बरं तुमचा अंगठा. बस, तेवढासाच.

चिमटूची पाठ होती मऊ मऊ, लोण्यासारखी. म्हणून तो शंखात राहायचा. शंख होता तपकिरी, त्यावर एक गुलाबी रेघ. वाळूत शोधून शोधून त्याने तो आपला आपण मिळवला होता. शंख पाठीवर घेऊन चिमटू हौदभर मिरवायचा. तिरपा तिरपा, तुरुतुरु.

एक दिवस काय झालं, शंखात वाळू गेली. पाठीला टोचायला लागली. टुच टुच, टुच टुच.

चिमटू हौदाच्या काठावर चढला. शंखातून बाहेर आला. शंख उलटा करून वाळू झटकू लागला. झट झट, झट झट. तेवढ्यात नळातून पाणी आलं, फस्स. चिमटूच्या नांगीतून शंख निसटला. टण्ण, टण टण, गर्र गर्र गर्र. शंख गेला घरंगळत, आणि शिरला एका पिशवीखाली.

चिमटूची पाठ उघडी पडली. गार गार लागू लागलं. त्याला फार लाज वाटली, आणि भीतीही वाटली. पण शंख त्याचा होता. तो असा कसा सोडायचा? हौदाच्या नळीवरून सुर्रकन घसरत तो खाली उतरला आणि निघाला. तिरपा तिरपा, तुरुतुरु.

पिशवी होती भली मोठी. तिच्यात पाण्याची बाटली, दशम्या आणि टॉवेल. बाजूच्या बाकावर एक आजोबा बसले होते. लांब नांदेडहून सगळं घर घेऊन ते आले होते. आई आणि बाबा पलीकडे मासे बघत होते. आजोबांच्या मांडीवर त्यांची नात बसली होती. तिचं नाव पर्णी.

चिमटू म्हणाला,
"आजोबा, आजोबा, वाका ना.
आजोबा वाकतील,
पिशवी सरकेल,
माझा शंख मला मिळेल."

आजोबांनी खाली पाहिलं. मांडीवरच्या पर्णीकडे पाहिलं. ती रुसली होती, आणि आजोबांना घट्ट धरून बसली होती.

आजोबा म्हणाले, "मी नाही वाकणार. आधी पर्णीला उतरू दे."

चिमटूने मान वर केली. पर्णीचे गाल फुगले होते. डोळ्यांत पाणी होतं.

चिमटू म्हणाला,
"पर्णी, पर्णी, उतर ना.
पर्णी उतरेल,
आजोबा वाकतील,
पिशवी सरकेल,
माझा शंख मला मिळेल."

पर्णीने नाक ओढलं. सूं सूं. गाडीत बसल्यापासून ती कासव कासव म्हणत होती. चित्रातलं नाही, खरं कासव. आणि इथे येऊन बघते तर कासव दडून बसलेलं.

पर्णी म्हणाली, "मी नाही उतरणार. आधी कासवाला निघू दे."

चिमटू वळला. तिरपा तिरपा, तुरुतुरु. फरशीवर माणसांचे पाय होते. एक पाय इकडून, एक पाय तिकडून. थप थप, थप थप. चिमटू भिंतीच्या कडेकडेने गेला आणि कासवाच्या काचेपाशी पोचला. आत एक मोठा दगड होता. दगडामागे नुसती शेपटी दिसत होती.

चिमटूने काचेवर नांगी वाजवली. टक टक, टक टक.

"कासवदादा, कासवदादा, निघा ना.
कासव निघेल,
पर्णी उतरेल,
आजोबा वाकतील,
पिशवी सरकेल,
माझा शंख मला मिळेल."

दगडामागून बुडबुडे आले. बुडुक बुडुक. कासवदादा फार भुकेला होता. भुकेल्या पोटी पोहायचं म्हटलं की त्याला कंटाळा येई.

कासव म्हणालं, "मी नाही निघणार. आधी मावशीला काकडी देऊ दे."

सगळ्या माशांना खाऊ द्यायची ती सुगंधामावशी. ती मागच्या खोलीत होती. चिमटू दाराखालून आत गेला. तिरपा तिरपा, तुरुतुरु.

चिमटू म्हणाला,
"मावशी, मावशी, काकडी दे ना.
मावशी काकडी देईल,
कासव निघेल,
पर्णी उतरेल,
आजोबा वाकतील,
पिशवी सरकेल,
माझा शंख मला मिळेल."

मावशीने कपाळावरचा घाम पुसला. तिने चिमटूला टोपली दाखवली. काकड्या टोपलीत होत्या. टोपलीवर झाकण होतं. आणि झाकणावर? झाकणावर एक जाडजूड पिवळा बोका झोपला होता. हात लावला की ओरबाडायचा. मावशीच्या मनगटावर त्याच्या नखांची रेघ अजून लाल होती.

मावशी म्हणाली, "मी नाही बाबा देणार. आधी बोक्याला उठू दे."

आता बोक्याकडे जायचं म्हणजे काय गंमत आहे? बोक्याला केवढ्या मिशा. बोक्याला केवढ्या नख्या. आणि चिमटू अंगठ्याएवढा, त्यातून पाठ उघडी. तरी तो गेला. तिरपा तिरपा, तुरुतुरु.

चिमटू लांबूनच म्हणाला,
"बोकोबा, बोकोबा, उठा ना.
बोका उठेल,
मावशी काकडी देईल,
कासव निघेल,
पर्णी उतरेल,
आजोबा वाकतील,
पिशवी सरकेल,
माझा शंख मला मिळेल."

बोक्याने एक डोळा उघडला. मग जांभई दिली. आऽऽऽ. खिडकीतून ऊन येत होतं आणि बरोबर झाकणावर पडत होतं. पोटाखाली कशी छान ऊब होती. अशी जागा सोडून कोण उठतो?

बोका म्हणाला, "मी नाही उठणार. आधी उन्हाला सरकू दे."

चिमटू टोपलीच्या कडेने चढला. सर सर, सर सर. उन्हात त्याची पाठ चुरचुरली. ओली पाठ सुकायला लागली. पण तो थांबला नाही.

चिमटू म्हणाला,
"उन्हा, उन्हा, सरक ना.
ऊन सरकेल,
बोका उठेल,
मावशी काकडी देईल,
कासव निघेल,
पर्णी उतरेल,
आजोबा वाकतील,
पिशवी सरकेल,
माझा शंख मला मिळेल."

ऊन हसलं. दार उघडं दिसलं की ते आत येतं. त्याला दुसरं काय ठाऊक?

ऊन म्हणालं, "मी नाही सरकणार. आधी खिडकीच्या दाराला मिटू दे."

खिडकी होती वर. भिंतीवर एक जुनं जाळं टांगलं होतं, मासे पकडायचं. चिमटू जाळ्यावरून चढला. एक गाठ, अजून एक गाठ, अजून एक गाठ. खाली बघितलं की टोपली इवलीशी दिसायची. म्हणून तो वरच बघत राहिला.

खिडकीचं दार होतं लाकडी, निळ्या रंगाचं.

चिमटू म्हणाला,
"दारा, दारा, मिट ना.
दार मिटेल,
ऊन सरकेल,
बोका उठेल,
मावशी काकडी देईल,
कासव निघेल,
पर्णी उतरेल,
आजोबा वाकतील,
पिशवी सरकेल,
माझा शंख मला मिळेल."

दार करकरलं. कर्र कर्र. त्याला हात नाहीत, पाय नाहीत. आपलं आपण ते कसं मिटणार?

दार म्हणालं, "मी नाही मिटणार. आधी वाऱ्याला ढकलू दे."

खिडकीबाहेर समुद्र होता. समुद्रावर वारा होता. हुश्श हुश्श, हुश्श हुश्श.

चिमटू खिडकीच्या कडेला उभा राहिला. वाऱ्याने उडून जाऊ नये म्हणून त्याने लाकूड नांगीत घट्ट धरलं. मग मोठ्याने म्हणाला,
"वाऱ्या, वाऱ्या, ढकल ना.
वारा ढकलेल,
दार मिटेल,
ऊन सरकेल,
बोका उठेल,
मावशी काकडी देईल,
कासव निघेल,
पर्णी उतरेल,
आजोबा वाकतील,
पिशवी सरकेल,
माझा शंख मला मिळेल."

वारा थांबला. त्याने सांगितलं, की तो रोज दार ढकलतो. सकाळी ढकलतो, दुपारी ढकलतो. पण दार हलतच नाही. दाराच्या फटीत एक खडा अडकला आहे ना.

वारा म्हणाला, "मी नाही ढकलणार. आधी खड्याला निघू दे."

चिमटू फटीपाशी गेला. आत वाकून पाहिलं. आत अंधार होता, आणि अंधारात एक काळा खडा होता.

चिमटू म्हणाला, "खड्या, खड्या, निघ ना."

खड्याने सांगितलं, की त्याची काही ना नाही. पण त्याला ओढायला कुणी आत येत नाही. मावशीने बोट घालून पाहिलं, बोट पोचेना. बोक्याने पंजा घालून पाहिला, पंजा जाईना. फट केवढीशी, चिंचोळी.

चिमटूने फटीकडे पाहिलं. मग स्वतःकडे पाहिलं. पाठीवर शंख असता, तर तोही आत गेला नसता. पण शंख नव्हता. चिमटू होता सडपातळ आणि मऊ मऊ.

तो म्हणाला, "मी जातो."

वाऱ्याला त्याने बजावून सांगितलं, मी बाहेर आल्याशिवाय ढकलायचं नाही. वाऱ्याने श्वास रोखून धरला. समुद्रसुद्धा गप्प झाला.

चिमटू फटीत शिरला. सुळुक. आत अंधार. वर लाकूड, खाली लाकूड. दोन्हीकडून पाठीला घासत होतं. चिमटूला वाटलं, परत फिरावं. मग त्याला आपला शंख आठवला, गुलाबी रेघेचा. त्याने मोठी नांगी पुढे केली, खडा धरला आणि ओढू लागला. खडा हलेना. पुन्हा ओढला. कुर्र कुर्र. हलेना. चिमटूने पाय रोवले, डोळे मिटले, आणि सगळं बळ एकवटून ओढला.

कुर्र कुर्र कुर्र, फट्.

खडा निघाला. नांगीत खडा धरून चिमटू मागे मागे, मागे मागे बाहेर आला. धापा टाकत होता, पण ताठ उभा राहिला.

आणि मग काय झालं?

वाऱ्याने ढकललं. हुश्श.
दार मिटलं. धाड्.
ऊन सरकलं.
बोका उठला. अंग ताणलं, आणि गेला निघून.
मावशीने काकडी दिली. डुब्.
कासव निघालं. सूऽऽऽ, वर आलं, काचेपाशी आलं, आणि कचर कचर काकडी खाऊ लागलं.
पर्णी उतरली. धप्.
आजोबा वाकले.
पिशवी सरकली.
आणि पिशवीखाली काय होतं? तपकिरी शंख, त्यावर गुलाबी रेघ.

आजोबांनी शंख तळहातावर घेतला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. शंखाचा मालक कुठेच दिसेना.

तेवढ्यात मागच्या खोलीतून सुगंधामावशी आली. तिने ओंजळीत थोडं पाणी घेतलं होतं. पाण्यात, खिडकीवरून उतरवलेला चिमटू बसला होता. अजूनही नांगीत खडा धरून.

मावशीने सगळ्यांना सांगितलं, की खिडकीचं दार किती दिवस मिटत नव्हतं. पाऊस आत यायचा, ऊन आत यायचं. मोठमोठ्या माणसांनी हात टेकले होते. आणि आज ह्या एवढ्याशा चिमटूने, एकट्याने, खडा ओढून बाहेर काढला.

माणसं गोळा झाली. आधी कुणी खडा पाहिला, मग चिमटूला पाहिलं, मग पुन्हा खडा पाहिला. खडा जवळजवळ चिमटूएवढाच होता.

आजोबांनी शंख अलगद हौदाच्या पाण्यात ठेवला. मावशीने ओंजळ खाली नेली. चिमटूने खडा सोडला. शंखाशी गेला, शंख हुंगला, आतून बाहेरून चाचपला. वाळू नव्हती. मग पाठ फिरवून तो आत शिरला. सुळकन. कसं मऊ वाटलं, कसं गार वाटलं.

बाकीची माणसं म्हणाली, बिचारा दमला, आता झोपेल. पण चिमटू झोपला नाही. त्याने डोकं बाहेर काढलं, मोठी नांगी वर केली, आणि हौदभर एक फेरी मारली. तिरपा तिरपा, तुरुतुरु. आज त्याला कुणाची लाज वाटत नव्हती.

तिकडे आईने हाक मारली. कासव अगदी काचेला नाक लावून बसलं होतं. बाबा हात हलवून पर्णीला बोलावत होते. खरं कासव, केवढं मोठं कासव.

पर्णी हौदाचा काठ धरून उभी होती. ती जागची हलली नाही. ती म्हणाली,
"आई, बाबा, तुम्हीच इकडे या. कासव मग बघू. आधी आमचा चिमटू बघा."

आई आली. बाबा आले. आजोबा तर तिथेच होते. सगळं घर हौदाभोवती वाकलं. आणि चिमटूने त्यांच्यासाठी अजून एक फेरी मारली, सगळ्यात मोठी.

खेकडा शिरला शंखात,
गोष्ट शिरली कानात.